घरीच होते

वांद्र्याच्या कोर्टाबाहेर जांभळाखाली
इन्व्हर्टरवर प्रिंटर लावून बसलेल्या
पेडणेकर टायपिस्टने विचारलं,
गॅप कशापायी?

बारावीनंतर दोन वर्षांनी कुणी
संख्याशास्त्राला प्रवेश मागायला आलं
तर मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र लागतं.
कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी लाल पेनने
गोल करून दाखवली होती फॉर्मवरची जागा.

काम करत होते, मी म्हटलं.
काम नको लिहू पोरी,
मग कुणाकडं, किती पगार, अनुभवाचा दाखला,
दहा कागद मागतील.
मजकूर त्याच्याकडं तयारच होता,
आधीच्या मुलीचं नाव खोडून माझं टाकलं:
'सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतले नाही,
नोकरी केली नाही,
मी घरीच होते.'

घरीच होते.
पार्कसाइटच्या टेकडीवर, एकशे अठरा पायऱ्या चढून.
पप्पा परांचीवरून पडले त्या जानेवारीपासून
घर म्हणजे त्यांच्या खुब्यातला रॉड,
कॉटखालचं भांडं,
आणि त्याच लादीवर पसरलेले
इमिटेशनच्या कानातल्यांचे खडे.
बारा डझनाचे चौदा रुपये.
भाकरीलासुद्धा गमाचा वास.
आई दोन बिल्डिंगांची भांडी उरकून
रात्री बसायची माझ्या शेजारी,
तिच्या सोललेल्या बोटांना खडे चिकटायचे
आणि ती हात पुढं करून म्हणायची,
बघ, अंगठी.

जोगाणी शेठ प्रत्येक लॉटमागे
दहा टक्के कापायचा.
माल खराब येतो, म्हणायचा.
मी अकरावीच्या वहीच्या मागच्या पानांवर
चार महिने, दर पिशवीतून न बघता
पन्नास नग उचलून मोजले.
तिरपा खडा. सुटा खडा. गम वर आलेला.
दहा नव्हते. दहा कधीच नव्हते.
साडेतीन, चार,
एकदाच सहा, त्या आठवड्यात पप्पांना ताप होता.

वही घेऊन गेले.
शेठ आधी वहीकडं बघत राहिला,
मग माझ्याकडं,
मग पंख्याकडं.
पाच, म्हणाला.
गल्लीतल्या एकोणीस घरांचे पाच.
गुलशन आपानं त्या महिन्यात
धाकट्याला चष्मा केला.
तो पायऱ्या मोजत खाली उतरला
आणि वर येऊन सांगितलं,
एकशे सतरा आहेत.
मी परत मोजल्या. एक अर्धी तुटलेली आहे,
ती धरायची की नाही
यावर आमचं अजून भांडण आहे.

'वरील मजकूर खोटा आढळल्यास
मी कायद्याने शिक्षेस पात्र राहीन.'
इथं सही, पेडणेकर म्हणाला.
मी केली.
हात जरासुद्धा हलला नाही,
त्याचंच वाईट वाटलं.

मग त्याने चष्मा कपाळावर चढवला,
माझे कागद शेजारी शेजारी ठेवले
आणि चुकचुकला.
जातीच्या दाखल्यावर सुकेशनी,
मार्कशीटवर सुकेशिनी.
एका वेलांटीसाठी परत पाठवतील तुला.
आणखी एक करावं लागेल.
टायपिंगचे पन्नास, नोटरीचे वेगळे.

पर्समध्ये एकशे वीस होते.
त्यातले वीस परतीच्या बसचे.

त्याने स्क्रीन माझ्याकडं वळवली.
'सुकेशनी आणि सुकेशिनी
ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.'

मी ते वाचलं.
परत वाचलं.
काका, म्हटलं, बसचं बघते मी, चालत जाईन,
पण हे करा.
यात एक अक्षर बदलू नका.